डाव्या काठाची ओळ

ज्याला खोटं वाटेल त्याने आत्ताच उठून जावं. केल्विन माझा सख्खा मामेभाऊ आहे, आणि ते टायर मी या हातांनी चाचपलंय.

जानेवारीतला शेवटचा शनिवार. उत्तर मिनेसोटा. दुपारचे चार वाजलेले. तळं गोठून दगड झालेलं, आणि दुसऱ्या दिवशी त्यावर मोटारसायकलची शर्यत.

शेडमध्ये केल्विन आणि ब्रॉक. ब्रॉक शेजारचा, पण वाढला मामाच्याच घरात. बर्फाचं टायर कसं बनवायचं ते मामाने दोघांना एकाच बाकावर बसवून शिकवलं. टायरच्या प्रत्येक उंचवट्यात स्क्रू पिळायचा, डोकं बाहेर ठेवायचं. ते डोकंच बर्फ धरतं. स्क्रू लांब हवा, आतल्या जाड थरात रुतणारा. आखूड स्क्रू नुसत्या रबरात बसतो... आणि पहिल्याच वळणाला उडतो.

बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात!

म्हणून टायर झालं की मामा पाना घेऊन एकेक स्क्रू वाजवायचा. लांब असला तर टण्. आखूड असला तर थप्प. सगळे टण् वाजले, की बनवणाऱ्याच्या खांद्यावर हात ठेवायचा. बोलायचा काही नाही.

मामाला जाऊन तेव्हा दहा महिने झाले होते. पाना खिळ्याला तसाच लटकलेला. कुणी हात लावला नव्हता.

"केल्व्या, पुढचं टायर मी पुरं केलंय. तपासलंय पण."

"एवढा कामसू कधीपासून झालास रे?"

"तुझ्यासारखा ऐतोबा भाऊ पदरी पडल्यावर काय करणार!"

दोघं हसले. ब्रॉक कॉफी आणायला घरात गेला. केल्विन वाकून बाइकची चेन बघत होता.

आणि...

टण्.

त्याने मान वर केली. कुणी नाही.

टण्. टण्. टण्... मग एक श्वास. पुन्हा टण्. टण्. टण्.

मामाची लय. अगदी तीच.

आवाज पुढच्या चाकातून येत होता. केल्विनने खिळ्याकडे पाहिलं...

खिळा रिकामा.

मग आवाज बदलला. थप्प... थप्प... थप्प...

अकरा वेळा.

मग काहीच नाही. शेगडीतली लाकडंसुद्धा तडतडायची थांबली.

केल्विनने ड्रिल उचललं, एक स्क्रू उलटा फिरवून काढला. नखाएवढा! डाव्या काठाच्या ओळीत सलग अकरा, सगळे आखूड. आमच्या तळ्यावर सगळी वळणं डावीकडेच असतात. म्हणजे केल्विन पहिल्याच वळणाला आडवा... आणि मागून येणाऱ्या चौदा बाइका, शेकडो स्क्रू लावलेल्या, त्याच्या अंगावरून!

दारात ब्रॉक. हातात दोन कप.

तो स्क्रूकडे बघतच नव्हता. खिळ्याकडे बघत होता.

"काकांचा पाना... कुणी काढला?"

"खिसे दाखव, ब्रॉक."

त्याने कप खाली ठेवले. जॅकेटच्या खिशातून लांब स्क्रू काढले. अकरा.

"मरावंस असं नव्हतं रे मनात... नुसतं पडावंस. बाइक तुला दिली त्यांनी. माझ्यासाठी काय ठेवलं? मी पण त्यांचाच..."

त्याने ते स्क्रू बाकावर ठेवले.

"चालता हो," केल्विन म्हणाला. बस, तेवढंच.

दुसऱ्या दिवशी ते अकरा स्क्रू पुन्हा लावून तो धावला. चौथा आला. धडधाकट आला.

इथे संपली असती ना गोष्ट, तर मी सांगितलीच नसती.

मार्चमध्ये ब्रॉक आमच्या दारात आला. निम्मा झालेला. पण डोळे... कसं सांगू... सुखी होते. केल्विन आमच्याकडेच जेवायला बसलेला. त्याच्यासमोरच ब्रॉक म्हणाला,

"माझ्या गॅरेजमध्ये रोज चार वाजता आवाज येतो. अकरा ठोके. सगळे टण्... एकसुद्धा थप्प नाही."

"मग?" मी विचारलं.

"मग कुणीतरी माझ्या खांद्यावर हात ठेवतं."

केल्विनच्या हातातला काटा ताटात पडला.

तो पाना अजून सापडलेला नाही. केल्विन रोज चारला शेडमध्ये जाऊन बसतो. टायर समोर ठेवून, रिकाम्या खिळ्याकडे बघत.

टण् नाही. थप्प नाही. काहीच नाही.

परवा मी त्याला न्यायला गेलो, तर माझ्याकडे न बघताच बोलला...

"ब्रॉकने फसवलं, ते कळतं मला. पण बाबांनी?"