मेदेरचा दगड

खिंड ओलांडून परमुलखात जाणाऱ्याने जंगलातल्या ढिगावर आपला एक दगड ठेवून जायचं, आणि परतल्यावर घराचा उंबरा ओलांडण्याआधी तो स्वतःच्या हाताने उचलायचा, असा तिथला रिवाज. ढीग किती जुना, कोणालाच ठाऊक नव्हतं. तळाचे दगड शेवाळाने एकमेकांना चिकटून गेलेले. ते लढायांवर गेलेल्यांचे. वरचे त्या मानाने ताजे, रशियात बांधकामावर गेलेल्यांचे. दुसऱ्याच्या दगडाला हात लावायचा नाही, एवढाच नियम. गावात या रिवाजाला हसणारी दोनच माणसं होती. एक शाळामास्तर, त्याला त्याचा पगार मिळे. दुसरा शार्शेन, तो फुकट हसे.

शार्शेन स्वतः कधी कुठे गेलाच नव्हता. गेला होता तो धाकटा भाऊ, मेदेर. निघताना त्याने नानचा एक घास तोडून खाल्ला आणि उरलेला नान आईने भिंतीवर टांगला. तो परतून आल्यावर त्यानेच संपवायचा, हाही रिवाजच. "जा बाबा," शार्शेन म्हणाला होता, "तेवढंच एक खाणारं तोंड कमी." हा विनोद फक्त शार्शेनलाच आवडला. त्यानंतर मेदेरचा फोन आला नाही, आणि भिंतीवरचा नान वाळून फरशीसारखा झाला.

त्या वर्षी पानगळीत आईने अंथरूण धरलं. अन्नावरची वासना उडाली होती. नजर दाराकडे.

"शार्शेन, मेदेरने दगड उचलला का रे?"

"उचलेल, आई."

"तो उचलेपर्यंत मला मरता येत नाही. आणि जगवतही नाही."

शेवटी एका दुपारी शार्शेन उठला. दगडच तो. आणून आईच्या हातात दिला की म्हातारी सुखाने डोळे मिटेल, असा त्याचा हिशेब. हिशेबात त्याला खोट दिसली नाही.

जंगलात ओल्या सालीचा आणि राळेचा वास कोंदला होता. स्प्रूसच्या फांद्यांखाली दुपारीही तिन्हीसांजेसारखं वाटे. मेदेरचा दगड त्याने लगेच ओळखला. ट्रॅक्टरच्या उरलेल्या लाल रंगाचा पट्टा त्यावर मेदेरनेच ओढला होता. शार्शेनने तो उचलला. पाखरं गप्प झाली. त्या जागी हात टेकला, तर ती कोमट होती... नुकतंच कोणी उठून गेल्यासारखी. "ऊन असेल," तो मोठ्याने म्हणाला. ऊन नव्हतं.

आईने दगड गालाला लावला आणि रडली. "कुठंय तो?"

"घोड्यांकडे गेलाय."

त्या संध्याकाळी ती वाटीभर चहा प्यायली. मग कोपऱ्याकडे बघून हळू आवाजात बोलत राहिली. शार्शेनला वाटलं, ताप.

सकाळी गाडीवाला ओर्मोन दारात आला. "काय रे कंजूष, भाऊ आला तरी बकरं कापलं नाहीस?"

"कोणाचा भाऊ?"

"तुझा! काल संध्याकाळी मीच त्याला जंगलाच्या फाट्यावर सोडला. म्हटलं, घरापर्यंत नेतो. तर म्हणाला, आधी दगड उचलतो, मग आईला तोंड दाखवतो." ओर्मोनचं हसू मावळलं. "पोचला ना?"

शार्शेनने आईच्या उशाचा दगड उचलला आणि धावत सुटला.

ढीग राहिला नव्हता. दगडन् दगड काढून झाडांमधून मांडून ठेवलेला, तळाचे शेवाळलेलेसुद्धा. मधोमध मेदेरची बॅग. तिच्यात वर आईसाठी घेतलेला नवा रुमाल, घडी न मोडलेला.

"मेदेर!"

आत कुठेतरी दगडावर दगड वाजला.

"मेदेर, तुझा दगड माझ्याकडे आहे! हा बघ!"

"दादा..." आवाज थकलेला होता. "सापडत नाही रे. दगडाशिवाय घरी कसा येऊ...?"

शार्शेन धावला. तो जवळ जाई तसा आवाज झाडांमागे सरके. तो थांबला की आवाजही थांबे, आणि मग पुन्हा टक्... टक्... शेवटी त्याने दगड होता तिथेच नेऊन ठेवला आणि बाजूला बसला. एक दिवस. फक्त एक दिवस कळ काढली असती तर! त्या विनोदाबद्दलही त्याने माफी मागितली, झाडांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने. दगड घ्यायला कोणी आलं नाही.

उन्हं कलल्यावर तो घरी आला. आईला सगळं खरं सांगायचं ठरवूनच आला होता.

आई अंथरुणात उठून बसली होती. गालांवर रंग होता. तिने ओठांवर बोट ठेवलं.

"हळू. आत्ताच डोळा लागलाय त्याचा. केवढी भूक लागली होती लेकराला."

कोपऱ्यात एक रजाई पसरलेली होती. शार्शेनला तिकडे बघवेना, म्हणून त्याने भिंतीकडे पाहिलं. खिळा मोकळा होता. नानचा चुरा खाली सांडलेला. आणि आईच्या तोंडात तर एकही दात नव्हता.

रजाईने कूस बदलली.

बाहेर, जंगलाच्या बाजूने, दगडावर दगड वाजतच होता.