चाळीस मिनिटांचा बिघाड

क्रांती चौकाच्या सिग्नलला सुलेखाची स्कूटी थांबली आणि समोरच्या मोटारसायकलवर तिची नजर गेली ती तिथंच अडकली. मागच्या सीटवर गोधडीत गुंडाळलेलं काहीतरी जड, चौकोनी. सुतळीनं बांधलेलं, आणि सुतळीची गाठ सुटत आलेली. गोधडीच्या फटीतून चांदीच्या रंगाचं एक मोठं गोल बटण डोकावत होतं.

"ओ भाऊ! ओ हेल्मेटवाले! तुमचा ॲम्प्लिफायर पडायलाय!"

त्यानं मान वळवली. तेवढ्यात सिग्नल हिरवा झाला, मागच्या रिक्षावाल्यानं हॉर्न दाबून धरला. बावचळून त्यानं गाडी पुढं दामटली आणि ते धूड डावीकडं कललं. सुलेखानं स्कूटी पुढं घातली, एका हातानं गोधडी आवळून धरली, आणि तशाच दोन्ही गाड्या कडेला घेतल्या. धापा टाकत दोघं एकमेकांकडं बघत राहिले.

"गोधडीच्या आत काय आहे, हे तुम्हाला कसं कळलं?" त्यानं हेल्मेट काढलं. केस घामानं कपाळाला चिकटलेले. डोळे मात्र हसरे.

"आवाजाचं बटण दिसलं. असलं जुनं बटण दिसलं की मला भूक लागती."

"बरं झालं मग, गोधडी पांघरली ते." तो हसला. "उस्मानपुऱ्यात कडुबा मिस्त्रींचं दुकान कुठं आहे, सांगाल का?"

"मामा आता देवगाव रंगारीला कांदे लावतात. दुकान मी चालवते."

"म्हणजे... दुरुस्ती तुम्ही करता?"

"नाय, मी नुसती उपाशी बसून बघती." तिनं सुतळीची नवी गाठ मारली, करकचून. "चला माझ्या मागं. आणि हळू चालवा. लेकरू आहे ते."

त्याचं नाव मिहिर. चिकलठाण्याच्या एका कारखान्यात तो तपासणी खात्यात होता. दिवसभर लोखंडाचे सुटे भाग मापायचे आणि जरा कमीजास्त असलं की नापास करायचे, हे त्याचं काम. ॲम्प्लिफायर त्याच्या वडलांचा, श्रीनिवासरावांचा. ते बँकेतून निवृत्त झालेले. तरुणपणी त्यांच्या घरी दर रविवारी तीन मित्र जमायचे आणि रेकॉर्डी ऐकत बसायचे. मग बदल्या झाल्या, मित्र पांगले, आणि एक दिवस ॲम्प्लिफायरही मुका झाला. त्याला बावीस वर्षं झाली होती.

सुलेखानं झाकण उघडलं. आत बोटभर धूळ आणि एका पालीचं वाळलेलं शेपूट.

"लगेच चालू करून बघायचं?" मिहिरनं विचारलं.

"चालू करून? जाळायचंय का?" जुनं यंत्र एकदम भिंतीतल्या विजेला लावायचं नाही, हा मामांचा दंडक होता. आधी मध्ये शंभरचा पिवळा बल्ब जोडायचा. आत कुठं शॉर्ट असेल तर बल्ब भगभगून पेटतो आणि यंत्र वाचतं. सगळं नीट असेल तर बल्ब क्षणभर उजळतो आणि मग मंदावतो.

तिनं खटका दाबला. बल्ब पेटला तो पेटलेलाच राहिला. दोघांचे चेहरे पिवळेधमक.

"आता मंद होईल?"

"नाय." तिनं खटका बंद केला. "आत कुणीतरी मेलंय. शोधायला लागंल."

मेले होते ते कॅपॅसिटर. बोटाएवढ्या डब्या, आतून पार सुकलेल्या. नवे मागवून, बसवून, पुन्हा बल्ब लावायला आठ दिवस गेले. त्या संध्याकाळी मिहिर पहिल्या पाळीचा थकवा तोंडावर घेऊनच आला. खटका दाबला. बल्ब उजळला... आणि हळूहळू विझत आलेल्या निखाऱ्यासारखा झाला. मिहिरनं सुस्कारा सोडला. आपणही श्वास धरला होता, हे सुलेखाला तेव्हा कळलं.

त्यानं पिशवीतून सतारीची एक रेकॉर्ड काढली. भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर, तिला सकाळचा झेंडूचा हार. तिच्याखाली सुलेखानं दुकानातला रेकॉर्ड प्लेअर आणि दोन स्पीकर मांडले. सतार वाजायला लागली. दुकानात सोल्डरच्या राळेचा वास, बाहेर उस्मानपुऱ्याची वर्दळ. चाळीस मिनिटं झाली असतील. डाव्या स्पीकरनं एकदा खर्र केलं आणि जीव सोडला.

"हे काय?"

"तापल्यावरचा बिघाड," सुलेखा म्हणाली. "लई वंगाळ असतो. थंड असताना सगळं बरोबर. तापल्याशिवाय दिसत नाय, आणि थांबल्याशिवाय सापडत नाय."

"मग थांबू की." तो पटकन म्हणाला. मग उगाच रेकॉर्डवरची धूळ पुसायला लागला.

तिथून पुढं रोजची चाळीस मिनिटं सुरू झाली. पाळी सुटली की तो यायचा. कधी गझलांची रेकॉर्ड, कधी नाट्यगीतांची. सोबत कागदात बांधलेले पेरू, तिखट-मीठ लावलेले. यंत्र तापायचं आणि बोलणं चालायचं.

"पहिल्या दिवशी तुम्ही मला भाऊ म्हणालात," एकदा तो म्हणाला.

"ते रहदारीपुरतं होतं."

"मग आता काय म्हणणार?"

"आता गिऱ्हाईक म्हणते. उधळ्या गिऱ्हाईक. रोज पेरू कशाला?"

"तुम्हाला भूक लागते म्हणाला होतात..."

ती खाली मान घालून तारा सोलत राहिली. सोलायच्या नव्हत्या त्याही सोलल्या.

पाचव्या संध्याकाळी बिघाड सापडला. मिहिर कोपऱ्यावर चहा सांगायला गेला होता. डावा स्पीकर नुकताच गेलेला. सुलेखा बांबूच्या काडीनं एकेका सांध्यावर टिचकी मारत होती. एका ट्रान्झिस्टरच्या पायाशी काडी लागली, आणि आवाज आला. काडी उचलली, आवाज गेला. सांधा कोरडा पडला होता. केसाएवढी भेग, तापली की उघडायची. तिथं सोल्डरचा एक थेंब टाकला की काम संपलं. तिच्या हातात तापलेली इस्त्री होती, म्हणजे सोल्डरची. दोन सेकंदांचं काम.

तेवढ्यात तो आत आला, दोन्ही हातांत कटिंग सांभाळत. "काय, सापडलं का?"

"नाय अजून," सुलेखा म्हणाली.

तोंडातून निघून गेलं. मागं घेता आलं असतं, पण तिनं घेतलं नाही. इस्त्री स्टँडवर ठेवली आणि चहाचा घोट घेतला तर जीभ भाजली.

त्या दिवसापासून तिला चैन पडेना. दुसऱ्यांच्या रेडिओत भलत्याच तारा जोडल्या. सकाळी ठरवायची, आज सोल्डरचा डाग मारून टाकायचा. संध्याकाळी त्याची मोटारसायकल वाजली की, उद्या मारू. तो दिवसभर नापास माल पकडणारा माणूस, आणि इथं रोज येऊन तिच्या खोट्यापुढं चाळीस मिनिटं बसत होता. वर काळजीनं विचारायचा, "फार त्रास देतोय का हा तुम्हाला?" एकवीस दिवस असे गेले.

मग एका शनिवारी तो घाईघाईतच आला. "बाबांना आता धीर निघत नाही. झालं का हो काही?"

दुकानात तीन गिऱ्हाइकं उभी होती. सुलेखाच्या मनात एकदम येऊन गेलं, जाऊ दे घरी. दोन दिवसांत पुन्हा खर्र करील, पुन्हा येईल घेऊन.

"झालं," ती म्हणाली.

त्याचा चेहरा असा उजळला की तिला बघवेना. "खरंच? मग उद्या पाचला घरी या. हर्सूलला. बाबांनी त्यांचे तिन्ही मित्र बोलावलेत. एक तर नांदेडहून येताहेत. तुम्ही नसाल तर कसं चालेल?"

"अहो, पण..." सुलेखा म्हणेपर्यंत त्यानं ॲम्प्लिफायर गोधडीत गुंडाळलासुद्धा. गाठ मात्र करकचून मारली, तिनं शिकवली तशी.

रविवारी ती चारलाच पोचली. पर्समध्ये सोल्डरची इस्त्री. पण म्हातारी मंडळी तिच्याही आधी येऊन बसली होती. बैठकीत चिवड्याच्या ताटल्या आणि मधोमध टेबलावर ॲम्प्लिफायर, पुसूनबिसून नवरदेवासारखा.

"काका, जरा एकदा उघडून बघू का? दोनच मिनिटं."

"छे छे! आता त्याला कुणी हात लावायचा नाही," श्रीनिवासराव म्हणाले. "पोरी, तू त्याला जिवंत केलंस. आता निवांत बस."

पहिली रेकॉर्ड लागली. सुलेखा मनात हिशेब करत होती. एक बाजू वीस मिनिटांची. दुसऱ्या बाजूच्या शेवटाला डावा स्पीकर जाणार. नांदेडच्या काकांनी डोळे मिटले होते, त्यांचं बोट गुडघ्यावर ठेका धरत होतं. श्रीनिवासराव एकेका मित्राच्या तोंडाकडं बघत होते, जसं आई जेवणाऱ्या लेकराकडं बघते.

बाजू बदलली. एक सोपी वाट होती. बंद पडू द्यायचं. मग पर्समधून इस्त्री काढायची, दोन सेकंदांत सांधा जोडायचा, आणि वाहवा घ्यायची. कुणाला काय कळणार होतं?

तेवढ्यात मिहिर शेजारच्या काकांच्या कानाशी वाकला. हळू बोलत होता, पण तिला ऐकू आलं. "महिनाभर शोधत होत्या त्या. दुसरं कुणी असतं तर 'झालं' म्हणून गळ्यात मारलं असतं."

सुलेखा उठली. भर गाण्यात टेबलापाशी गेली आणि बटण बंद केलं.

सगळ्यांनी डोळे उघडले.

"काका, माफ करा." ती म्हणाली. "यात अजून बिघाड आहे. दोन मिनिटांत डावा स्पीकर गेला असता. तो बिघाड मला तीन आठवड्यांपूर्वीच सापडलाय. एका थेंबाचं काम होतं. मी केलं नाय. आणि काल झालं म्हणून खोटं सांगितलं."

"पण का गं?" श्रीनिवासरावांना काही उमजेना.

"दुरुस्त झालं असतं तर..." ती खाली बघत होती. "तर हे यायचे बंद झाले असते."

नांदेडच्या काकांना चिवड्याचा ठसका लागला. बाकीच्या दोघांनी एकमेकांकडं बघितलं. श्रीनिवासराव आधी तिच्याकडं आणि मग मुलाकडं बघत राहिले. मुलगा भिंतीकडं बघत होता.

"मिहिर," ते म्हणाले, "टॉर्च आण."

स्वयंपाकघरातल्या ओट्यावर झाकण उघडलं. इस्त्री तापेपर्यंत थांबायचं होतं. मिहिर टॉर्च धरून उभा. उजेडाचा गोळा अजिबात हलत नव्हता.

"काहीतरी बोला," सुलेखा म्हणाली. "शिव्या द्या पाहिजे तर."

"माझं काम काय आहे, माहीत आहे ना तुम्हाला? खोटा शिक्का मारलेला माल पकडायचा. आणि मी तिथं बसून तुमची तारीफ करत होतो."

"ऐकली मी. म्हणूनच उठले."

"बाबा रोज विचारायचे, आज सापडलं का? रोज, सुलेखा." नुसतं नाव त्यानं पहिल्यांदाच घेतलं होतं, आणि घेतलं तेही रागात. "मला सरळ 'या' म्हणाला असतात तर?"

"कसं म्हणायचं? दुकानात माणूस मोडकं घेऊनच येतं. ज्याचं सगळं धड आहे त्याला ये म्हणायला... आमचं घर कुठलं, तुमचं कुठलं... मला जमलं नाय."

टॉर्चचा उजेड पहिल्यांदा जरासा हलला. तिनं सांध्यावर इस्त्री टेकवली. राळेचा धूर दोघांच्या मधून वर गेला. थेंब वितळला, पसरला आणि आरशासारखा चकाकला. दोन सेकंद लागले.

त्या संध्याकाळी ॲम्प्लिफायर अडीच तास वाजला. डावा, उजवा, दोन्ही. श्रीनिवासरावांनी तिला आग्रहानं जेवायला बसवलं. ती निघाली तेव्हा मिहिर फाटकापर्यंत आला. "जपून जा," एवढंच म्हणाला.

सोमवार कसा गेला, तिचं तिला माहीत. प्रत्येक मोटारसायकलला मान वर. पाच वाजले. साडेपाच. सहा. एक बाई मिक्सर घेऊन आल्या होत्या आणि त्यांच्या जावेची कथा सांगत होत्या. सुलेखा नुसतं "व्हय, व्हय" म्हणत होती.

सव्वासहाला तो दारात उभा राहिला. तिनं आधी त्याच्या हातांकडं बघितलं. पिशवी नाही, रेकॉर्ड नाही, पेरूसुद्धा नाहीत.

"तुमचं काय बिघडलंय हो?" मिक्सरवाल्या बाईंनी विचारलं.

"काही नाही."

"मग?"

"बसायला आलोय."

सुलेखानं हातातलं काम खाली ठेवलं. "राग... गेला?"

"नाही. तसाच आहे." तो दारातच उभा होता. "घरी बसून तो काही जाईना. म्हटलं, इथं बसून बघावं."

"एका दिवसात नाय जायचा."

"मग रोज येईन."

स्टुलावर तीन मोडके रेडिओ होते. सुलेखानं ते उचलले, कुठं ठेवावेत ते सुचेना, तशीच कवटाळून उभी राहिली.

"बस ना," ती म्हणाली.

तो बसला. बाईंनी एकदा त्याच्याकडं बघितलं, एकदा तिच्याकडं. मग मिक्सर काउंटरवर हळूच पुढं सरकवला.

"हा घ्यायला मी परवा येते," त्या म्हणाल्या. "आज काही तुझ्याच्यानं काम व्हायचं नाही."