चाकावर न बसण्याचा नेम

देवघरात, बाळकृष्णाच्या शेजारी, मॉरिस गाडीचा कार्बोरेटर वाळत ठेवलेला पाहून प्रेमलाबाईंनी डोळेच मिटून घेतले… देवा, आता तुझीही जागा गेली!

"अहो, हे उचला. मला पूजा करायची आहे."

"तिथे ऊन येतं," श्रीनिवासराव म्हणाले. "अस्सल भाग आहे, धक्का लावू नकोस."

कारखान्याने स्वेच्छानिवृत्तीच्या गोड नावाखाली घरी बसवले, तेव्हा हाच माणूस दिवसभर भिंतीकडे बघत बसायचा. मग वडिलांची बंद पडलेली मॉरिस त्यांनी खोलली नि डोळ्यांत पुन्हा तेज आले! त्या कृतज्ञतेने विरघळून प्रेमलाबाईंनी दत्ताला साकडे घातले होते… यांचे काम तडीस ने. या गाडीत बसून तुझ्या दर्शनाला येईन, तोवर दुसऱ्या कुठल्याही चाकावर बसणार नाही! वाटले होते, दिवाळीपर्यंत होईल. पण कधी नळी मिळेना, मिळाली तर ती अस्सल नसे… आणि प्रेमलाबाई कोथरूडहून मंडईपर्यंत पायी, पिशवी घेऊन पायीच परत. साताऱ्याला सख्ख्या भाचीचे लग्न हुकले. नेम बोलून दाखवायचा नसतो, फळ जाते; म्हणून नातलग शिष्ट म्हणत, आणि त्या निमूटपणे ऐकून घेत.

बंगलोरच्या कॉम्प्युटर कंपनीतून कालच आलेला आनंद आत डोकावला.

"बाबा, सोसायटीला गाडीची जागा हवी आहे. साधं कुठलंही इंजिन बसवून गाडी चालती करा, नाहीतर संध्याकाळी गिऱ्हाईक येतंय, देऊन टाका."

"परकं इंजिन? त्यापेक्षा विकलेली बरी!"

प्रेमलाबाईंनी फुलांची परडी खाली ठेवली. विकली तर नेम फिटायचा कधी?

"आणि आई, तुझं रेल्वेचं तिकीट काढलंय. सोनू चालायला लागला, तरी आजीनं त्याला पाहिलं नाही! श्रद्धा विचारते, सुनेचं काय चुकलं?"

"मला जमायचं नाही रे…"

"नातू नको, ही भंगारगाडी हवी! शोभतं का तुला?"

तो शब्द काळजात रुतला. आजवर आवाज न चढवलेल्या प्रेमलाबाई नवऱ्याकडे वळल्या.

"तुमच्या त्या अस्सलपणापायी मी अजून नातवाचा पापा घेतला नाही हो!" आणि हुंदक्याहुंदक्यातून सारा नेम बाहेर पडला.

श्रीनिवासराव बायकोच्या भेगाळलेल्या टाचांकडे बघत राहिले.

"अगं, सांगायचंस तरी!"

"सांगून कोणी नेम करतं का? एवढंही कळू नये तुम्हाला?"

मग श्रीनिवासरावांनी विचारले, "नेमात इंजिनाचा उल्लेख आहे का?"

"नाही…"

"आनंद, टायरांत हवा भर."

इंजिन नाही, सीटही नाही… रिकाम्या मॉरिसमध्ये पाट मांडून प्रेमलाबाई पूजेचे ताट घेऊन बसल्या. आनंद मागून ढकलत होता; श्रीनिवासराव एक हात खिडकीतून सुकाणूवर ठेवून, धापा टाकत, बाजूने चालत होते.

"काका, ॲव्हरेज काय देते?" गॅलरीतून कोणीतरी विचारले.

"तुम्ही खाली येऊन ढकला, मग सांगतो!"

दत्ताच्या देवळासमोर गाडी थांबली. श्रीनिवासरावांनी हात धरून बायकोला उतरवले. त्यांचेही डोळे भरून आले होते.

"साधंच इंजिन बसवतो. तू परत येशील तेव्हा स्टेशनवर हीच घेऊन येईन."

प्रेमलाबाईंनी पायरीवर डोके टेकले, ते कितीतरी वेळ उचललेच नाही! मग पदराने तोंड पुसून त्या मुलाला म्हणाल्या,

"आनंद, रिक्षा बोलाव. मंडईत जाऊन सोनूला अंजिरं घेते. गुडघे फार दुखतात रे माझे…"

आणि रिक्षात बसता बसता नवऱ्याला, "तुम्ही घरी या सावकाश, ढकलत."