सुईला भिणारी दोघं

डोळ्यात सुई! नुसतं ऐकलं आणि द्वारकाबाई दवाखान्याच्या बाकावरून उठून थेट दाराकडे निघाल्या. मुलगा घ्यायला येईपर्यंत गारखेड्याला घरी पोचायचं आणि "झालं बाबा इंजेक्शन" म्हणून ठोकून द्यायचं, असा साधा बेत होता.

दारातच एका उंच माणसाशी टक्कर झाली. त्याच्या डाव्या डोळ्यावर पट्टी होती.

"पळून चाललात व्हय?" तो हसला. बघत मात्र होता भलतीकडेच... त्यांच्या कानाच्या पलीकडे.

"बोलता माझ्याशी अन् बघता कुणाकडं?" बाई कडाडल्या.

"तुमच्याकडंच. उजव्यानं समोर बघितलं की तोंडाच्या जागी नुसता डाग. जरा बाजूला बघितलं, की मग दिसतं... छान दिसतं."

साठी उलटलेली, आणि कान गरम झाले! बाईंना स्वतःचाच राग आला.

ते चिकलठाण्याचे बन्सीराव. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. "उजव्याला विजेचे खांब वाकडे दिसाया लागले, तवा मी बी असाच पळालो," ते म्हणाले. "वयानं होतंय म्हणून बसलो. आत पडद्याला पाणी सुटलं अन् मधलं सगळं गेलं, कडंचं तेवढं राहिलं. गेलेलं परत येत नाय बाई. हाय ते मात्र धरून ठेवता येतं. म्हणून डाव्यात सुई घेतो."

बाईंनाही महिनाभर फरशीच्या रेघा वाकड्या दिसत होत्या. आत सुई, बाहेर तो डाग! जावं तरी कुठं?

"लई दुखतं का?"

"थेंब टाकून बधिर करतात. दुखण्यापरीस भ्याच जास्त. मी बसतो हितं. जा."

त्या गेल्या. आत देवाचं नाव घ्यायचं ठरवलं होतं, पण आठवत राहिला तो बाहेर बसलेला माणूस. काय म्हणावं या बाईला!

मग दर महिन्याला दोघांची तारीख एकच पडू लागली. पडू लागली कसली, बाईंनी सिस्टरला लाडीगोडी लावून पाडून घेतली. डॉक्टरांनी दिलेला चौकोनांचा कागद रोज सकाळी एकेक डोळा झाकून बघायचा, आणि मग फोन. "रेघा सरळ?" "सरळ. तुमच्या?" "सरळ..." प्रेमात लोक काय काय बोलतात, ही दोघं रेघांवर बोलायची. बन्सीरावांनी बिडी सोडली — डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा नाही, बाईंनी सांगितलं तेव्हा.

आणि एका तारखेला ते आलेच नाहीत. फोनही उचलेनात.

रिक्षा करून बाई चिकलठाण्याला पोचल्या. बन्सीराव दाराशी खुर्चीवर मान खाली घालून बसले होते.

"रेघा वाकल्या," बाईंची चाहूल लागताच ते म्हणाले. "डाव्यात बी. तुम्हाला मागणी घालणार होतो मी... पण आता आंधळ्याचं लोढणं कशाला गळ्यात? येत जाऊ नका."

"कवापासून वाकल्या?"

"झाले चार-आठ दिस."

"अन् रोज फोनवर 'सरळ' म्हणत बसलात?" बाईंचा आवाज फाटला. "मला पळताना धरलं, अन् सोता लपता? मला बी भ्या वाटतं हो! रोज वाटतं, उद्या उठंन अन् तुमचं तोंड दिसणार नाय. तरी येतेच ना मी? लोढणं व्हा नाय तर काय बी व्हा, मला तुम्हीच पाहिजेत. उठा! रिक्षा उभी हाय."

त्यांनी हात धरून उठवलं.

दवाखान्यात सिस्टर नवीन होती. तिनं विचारलं, "सोबत कोण?"

"मी."

"नात्यानं कोण?"

बाईंनी बन्सीरावांकडं बघितलं.

"आमच्या घरच्या हायेत," बन्सीराव म्हणाले, आणि आत गेले.

दार लागलं. डोळा वाचेल की नाही, कुणालाच ठाऊक नव्हतं. द्वारकाबाई बाहेर बाकावर थरथरत बसल्या, आणि थरथरता थरथरताच लाजल्या.