एक्केचाळिसावा पंचा

साल एक्क्याऐंशी, आषाढाचा महिना. मी एकवीस वर्षांची होते आणि गोल्फ क्लबच्या कचेरीत टायपिस्ट म्हणून माझा तो पहिला दिवस होता. मैदानाच्या कडेच्या पायवाटेनं सायकल हाती धरून चालले होते, तर टप्प... एक पांढरा बॉल चाकापाशी येऊन पडला. कुणाचा तरी हरवला असेल म्हणून मी तो उचलला आणि पदरानं पुसला.

समोरून एक उंच, सावळा माणूस पळत आला.

"बाई, बॉल उचलला का तुम्ही?"

"पडला होता."

"पडलाच पाहिजे तो. पडते म्हणूनच खेळ आहे. कुठून उचलला?"

"इथूनच... कुठून तरी."

"कुठून तरी नाही चालत. साहेब तिकडून पाहून राहिले. जिथं होता तिथंच ठेवा लागते."

मी अंदाजानं बॉल गवतात ठेवला. तो वाकून जरा पाहत राहिला, मग हळूच म्हणाला, "तुम्ही ठेवला तो आधीपेक्षा चांगल्या जागी. साहेब खूश होतील. कोणाले सांगू नका."

हा चंद्रभान. कॅडीमास्टर. कॅडी म्हणजे साहेबांच्या काठ्यांची पिशवी वाहणारे, आणि मारलेला बॉल कुठं पडला ते डोळ्यांत तेल घालून पाहणारे. अशा वीस जणांवर त्याची देखरेख. सगळे त्याला भाऊ म्हणत, म्हणून मीही चंद्रभानभाऊ म्हणू लागले. तो मात्र रोज सकाळी कचेरीच्या खिडकीशी थांबून विचारायचा, "आज काही उचललं तं नाही ना?" आणि माझ्याकडं पाहून हसायचा. त्या हसण्यासाठी मी वीस मिनिटं लवकर यायला लागले.

श्रावण लागला आणि सगळ्या नागपूरचे डोळे आले. देशभर साथ होती. आमच्या गांधीबागेतल्या गल्लीत घराघरांत लाल डोळे, काळे चष्मे. क्लबातही साहेब एकेक करून घरी बसू लागले. सेक्रेटरी मधुकररावांनी मला इंग्रजीत सूचना सांगितली, तीन परिच्छेद. ती कोणी वाचली नाही. कॅडींसाठी मराठी पाटी मी माझ्या मनानं लिहिली. घरी ऐकलं होतं तेच शेवटच्या ओळीत घातलं: ज्याचे डोळे आले त्याच्या डोळ्यांत पाहू नका.

ती मात्र सगळ्यांनी वाचली. काळ्या चष्म्यामागं कोणाचे डोळे आलेत ते कळायचं कसं? म्हणून कॅडींनी कोणाकडंच पाहणं सोडलं. साहेब मारायला उभे राहिले की हे पाठ फिरवून उभे. एका सकाळी सतरा बॉल हरवले. साहेब भडकले, आणि साथ काही थांबली नाही.

आणि चंद्रभान... तो खिडकीशी थांबायचाच बंद झाला. मान खाली घालून यायचा, हजेरीचा कागद ठेवायचा, जायचा. काय चुकलं माझं, मला कळेना.

मग मधुकररावांनी जाहीर केलं: दहा दिवसांत साथ आटोक्यात आली नाही तर दिवाळीपर्यंत मैदान बंद, सगळे कॅडी घरी. त्या दिवशी म्हाताऱ्या कॅडी नत्थूशी बोलताना चंद्रभानचा आवाज मी खिडकीतून ऐकला. "बंद झालं तं पोळ्याले गावी जातो तो तिकडचाच, गा. बापानं पोरगीबी पाहून ठेवली आहे." माझं बोट मशीनवर एकाच अक्षरावर पडत राहिलं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर लतिकाबाई खेळायला आल्या. डोळ्यांच्याच डॉक्टर. पाटी वाचून खळखळून हसल्या. "पाहण्यानं नाही गं पसरत. ते बघ."

बाकावर एका साहेबांची पिशवी होती आणि तिला लटकवलेला ओला पंचा. बॉल पुसायचा. नत्थूनं त्यानंच बॉल पुसला, मग कपाळ पुसलं. साहेबांनी तोंड पुसलं. दुसरे साहेब येऊन हात पुसून गेले.

मी पाटी उतरवली आणि भर पावसात कॅडींच्या टिनाच्या शेडमध्ये गेले. चंद्रभान एकटाच होता. मला पाहताच त्यानं मान खाली घातली.

"ती पाटी चुकीची होती," मी म्हणाले. "पाहिल्यानं काही होत नाही. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं."

"पक्कं?"

"पक्कं."

"मग मी आठ दिवस काहून जमीन पाहून राहिलो?"

"मला वाटलं, तुम्ही रागावले..."

"तुमच्याच हातची पाटी. माह्यामुळं तुमचे डोळे लाल झाले असते तं?"

टिनावर पाऊस वाजत होता. त्यानं हळूहळू नजर वर आणली—पदर, हनुवटी, मग डोळे. या वेळी खाली पाहायची पाळी माझी होती.

"आता तुम्ही काहून खाली पाहता, बाई?"

"काम आहे म्हणून आले," मी म्हणाले. "पंच्याचं."

भाऊ म्हणायचं राहून गेलं. त्याच्याही ते लक्षात आलं असावं.

आम्ही विणकर. बाबा, जागेश्वर त्यांचं नाव, घरच्या मागावर बसायचे. प्रत्येकाला वेगळा पंचा, चटकन ओळखू येईल असा. बाबांनी विचार केला. "किनार बदलाची तं उभा ताणा नवा लागते. टोकाले आडव्या पट्ट्या टाकू. एकाले लाल एक, दुसऱ्याले लाल दोन." मधुकररावांनी होकार दिला. मी आडव्या धाग्याच्या कांड्या भरल्या, बाबांनी विणलं. पाच दिवसांत चाळीस पंचे. कॅडींचे पांढरे, बिनपट्टीचे, ज्याचा त्याच्या खांद्यावर. बाबा जेवायला उठले तेव्हा उरलेल्या ताण्यावर मी एक विणला, हिरव्या पट्टीचा. एक्केचाळिसावा.

गठ्ठा न्यायला चंद्रभान स्वतः आला. हिरव्या पट्टीचा मी वेगळा त्याच्या हाती दिला. बाबांनी विचारलं, "गाव कोणतं गा?"

"मौद्याजवळ. धानाची शेती आहे."

"मग इथं काहून?"

"शेती मोठा भाऊ पाहते. मले धानापेक्षा गवत जास्त जमते."

आई, गोदूबाई, आतून माझ्या कानाशी म्हणाली, "हा पंचेच न्यायले आला का वं?"

सूचना आता मी तोंडानं सांगू लागले. पंचा हातात देता देता: "साहेब, हा तुमचा. दुसऱ्याचा घ्यायचा नाही, आपला द्यायचा नाही. डोळ्यांना हात नाही. खेळ संपला की हात मिळवायचा नाही, नमस्कार." मोठमोठे अधिकारी शाळेतल्यासारखे मान हलवायचे. चार दिवसांत एकच नवा रुग्ण. तेही असे साहेब, ज्यांनी दुसऱ्याचा पंचा 'जरासा' वापरला होता. मैदान उघडं राहिलं.

पोळ्याला चंद्रभान गावी निघाला. "मारबतीच्या दिवशी येतो. गांधीबागेत."

"त्या गर्दीत कशी सापडीन?"

"बॉल गवतात सापडते मले. तुम्ही फक्त जिथं आहे तिथंच थांबा. कोणी उचलाले नको."

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडं मारबतींच्या मोठाल्या पुतळ्यांच्या मिरवणुका निघतात, रोगराई घेऊन जाणाऱ्या. त्या वर्षी सगळे ओरडत होते, "डोळ्याची साथ घेऊन जाय वं मारबत!" काळी गेली, पिवळी गेली. गर्दी पांगू लागली. गावी गेला तो तिकडचाच, हे त्याचंच वाक्य कानात घुमत होतं. आईनं दोनदा हाक मारली. मी ओट्याला टेकून होते, हलले नाही.

आणि मग माणसांच्या डोक्यांवरून एक हिरवी पट्टी दिसली. खांद्यावर पंचा, अंगभर घाम.

"उशीर झाला. बापाशी बोलत बसलो."

"काय बोलले?"

"म्हटलं, पोरगी पाहून झाली माही. पाहू नका अशी पाटी होती, तरी पाहिली."

"मग?"

"जात विचारली. रागावले. मग खांद्यावरचा पंचा हाती घेतला, उलटासुलटा पाहिला. म्हणे, विणकर चांगला आहे, कोण आहे?" तो हसला. "म्या म्हटलं, थेच तं पोरगी. ...येतं का वं माह्या घरी?"

पहिल्यांदाच 'बाई' सोडून 'वं' म्हणाला. मी मान हलवली. नीट दिसली नसेल म्हणून पुन्हा हलवली.

दोन्ही घरांना तयार व्हायला दोन वर्षं लागली. लग्नात लतिकाबाई माझ्या बाजूनं उभ्या होत्या. मधुकरराव आयुष्यभर आपला तो पंचा जपत राहिले, एक लाल पट्टीचा. नत्थू नातवंडांमध्ये सुखानं गेला. बाबांचा माग पुढं बंद पडला. ताण्यातले धागे वेगळे ठेवायची त्यांची काठी मी ठेवली आहे. आई माझ्याकडंच राहिली, शेवटपर्यंत जावयाची बाजू घेत. चंद्रभान त्याच मैदानाची हिरवळ सांभाळत निवृत्त झाला.

मागच्या हिवाळ्यात त्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी बजावलं, डोळ्याला हात नाही, पंचा वेगळा. मी कपाटातून तो हिरव्या पट्टीचा काढला, धुऊन धुऊन सायीसारखा झालेला. सकाळी डोळ्यावरची पट्टी निघाली. त्यानं डोळे मिचकावले, खोलीभर नजर फिरवली, आणि माझ्यावर आणून थांबवली.

"काय शोधता?" मी विचारलं.

"काही नाही," तो म्हणाला. "जिथं होती तिथंच आहे."