फजलच्या गोधडीचं तोंड

नमिताने जे केलं त्याला आमच्या खाडीकडे एक शब्द आहे. तो मी इथे लिहीत नाही. माझ्या नातवंडांना मराठी वाचता येत नाही, तरी नको.

दुसऱ्याच्या घरातली वस्तू गोड बोलून न्यायची, तीन अटी घातल्या तर तिन्हींना मान हलवायची, आणि पाठ फिरली की आपल्याला हवं तेच करायचं. वर फोन करून म्हणायचं, "खालांसाठी सरप्राइज आहे." मला मेलीला वाटलं होतं, शिकलेली बाई आहे, शब्द पाळेल.

ही नमिता आमच्या दोह्याच्या मराठी मंडळाची सेक्रेटरी. मूळची नाशिकची, नवरा गॅस कंपनीत, स्वतः भरपूर शिकलेली. अल नस्रमध्ये आमच्या बिल्डिंगच्या मागच्या गल्लीत मंडळाचा भाड्याचा फ्लॅट आहे. एका खोलीत पुस्तकांची दोन कपाटं, दुसरीत शुक्रवारी मुलांचा मराठीचा वर्ग. हॉलमध्ये गणपतीचं मखर, ईदमिलनच्या सतरंज्या आणि जमिनीवर ठेवायचा एक वजनकाटा, लाल आकडे दाखवणारा. काटा कशाला, ते गल्फमधल्या माणसाला सांगावं लागत नाही. गावी जाणारा जो तो आधी तिथे येऊन खोकं मोजून जातो.

जानेवारीत नमिता घरी आली. कॅनडात मिसिसागा म्हणून शहर आहे, तिथे आपल्या लोकांनी वारसा केंद्र काढलंय म्हणाली. कुणाच्या नफ्याचं नाही, सगळे वर्गणी काढून आणि फुकट राबून चालवतात. मुलांना भाषा शिकवतात, म्हाताऱ्यांना चहाला जमवतात. त्यांना दर्यापार गेलेल्या कोकणी माणसांच्या वस्तू मांडायच्या होत्या. बोलता बोलता तिची नजर माझ्या पलंगाकडे गेली. पायथ्याशी फजलची गोधडी होती.

फजल माझा धाकटा भाऊ. माझ्याहून तीन वर्षांनी लहान. १९८० साली बावीस वर्षांचा असताना तो मुंबईहून मालाच्या जहाजावर चढला. जहाज दोह्याला येणार होतं. जहाज आलं, फजल आला नाही. कंपनीचं पत्र आलं की वाटेत एके सकाळी तो कुठेच सापडला नाही. पत्राबरोबर त्याची पेटी आली. पेटीत कपडे होते आणि जहाजावर चढण्याआधीच्या डॉक्टरी तपासणीचा कागद. उंची पाच फूट सहा इंच, वजन अठ्ठावन्न किलो. तो कागद अजून माझ्या कुराणाच्या कपाटात आहे.

सगळ्यांनी सांगितलं, मयताशिवायची गायबाना नमाज पढून घ्या, मोकळे व्हा. आईने ऐकलं नाही. आमच्या खाडीकाठी दर्यावर गेलेल्या आणि न परतलेल्या माणसाच्या कपड्यांची गोधडी शिवतात, आणि तिचा एक कोपरा वीतभर उघडा ठेवतात. माणूस घरी आला की तो कोपरा शिवायचा. मेल्याची पक्की खबर आली तरी शिवायचा. तोवर नाही. आईने फजलच्या लुंग्या, सदरे, एक बनियन, सगळं थरावर थर घालून शिवलं आणि कोपरा सोडला. दुनियेतून जाताना मला म्हणाली, "हजरा, तोंड बंद करू नको. त्याला थंडी फार वाजते."

मी भुताखेतांची बाई नाही. चौथीपर्यंत शाळा झाली, पण डोळे शाबूत आहेत. जे बघितलं ते सांगते. सकाळी गोधडीत कधी कधी एका बाजूला खळगा असायचा, आणि हात लावला तर ऊब. उघड्या कोपऱ्यापाशी चादरीवर जाडं मीठ सांडलेलं असायचं, मिठागरातलं असतं तसं. मी म्हणायची, दोह्याची दमट हवा. झाडून टाकायची. सुनेने, अदीबाने, एकदा विचारलं, "अम्मी, तुम्ही रात्री हिच्यात पाय घालून झोपता का?" मी हो म्हटलं. कधीच घातले नव्हते.

मग दिलीस कशाला, असं कुणी विचारेल. त्या काळी कितीतरी खलाशी परक्या बंदरात उतरून पळाले, आणि त्यातले काही पुढे कॅनडात निघाले. तिथल्या केंद्रात म्हातारे चहाला जमतात. त्यातला एखादा फजलचं नाव वाचेल, म्हणेल, अरे, हा तर आमच्याबरोबर होता. किंवा तोच वाचेल. पंचेचाळीस वर्षांत माझ्या हाताशी एवढाच एक मार्ग आला होता.

म्हणून दिली. तीन अटी घातल्या. धुवायची नाही. तीन महिन्यांत परत. आणि कोपरा शिवायचा नाही.

"नाही हो खाला, हातसुद्धा लावणार नाही," नमिता म्हणाली.

केंद्राचा एक फॉर्म होता. ती विचारत गेली, मी सांगत गेले. नाव, गाव, जन्मसाल. मग ती थांबली.

"मृत्यूचं वर्ष. इथे १९८० लिहू?"

"तू होतीस जहाजावर?"

"तसं नाही खाला, पण पंचेचाळीस वर्षं झाली. रकाना रिकामा ठेवला तर ते परत विचारतील."

"विचारू दे. त्यांना सांग, बहीण हयात आहे, तिला अजून खबर नाही."

तिने रकाना रिकामा ठेवला. माझ्या मुलाने, रेहानने, घरातल्या हुकाच्या काट्यावर गोधडी मोजली. तीन किलो दोनशे ग्रॅम. नमिताने फॉर्मवर तेही लिहिलं, माझी सही घेतली आणि गोधडी घेऊन गेली.

हा सोमवार.

गुरुवारी संध्याकाळी रेहान रास लफानच्या कामावरून कंपनीच्या बसने आला. बूट काढता काढता म्हणाला, "अम्मी, गोधडीत काय घालून दिलंयस?"

"काय घालणार?"

"नमिताताईंचा फोन होता. कुरियरवाल्याने पार्सल परत केलं. फॉर्मवर तीन किलो, काट्यावर अकरा. त्याला वाटलं आत काहीतरी लपवलंय. त्यांनी मंडळात पुन्हा मोजलं तर एकवीस. काटा बिघडला असेल म्हणतायत. आणि म्हणाल्या, खालांसाठी सरप्राइज आहे, उद्या या."

मी त्या रात्री जेवले नाही. पायथ्याची मोकळी जागा बघत पडून राहिले.

शुक्रवारी जुम्म्याची नमाज आटोपून रेहान आला, तसे आम्ही मंडळात गेलो. दुपारचे दोन वाजले असतील. आतल्या खोलीत मुलं बाराखडी म्हणत होती. नमिताने खुर्ची दिली, पाणी दिलं, खजूर पुढे केले. हॉलच्या मधोमध वजनकाट्यावर गोधडी होती, चौकोनी घडी घालून, वर पारदर्शक प्लास्टिक. प्लास्टिकला आतून दव धरलं होतं.

"बघा ना," ती म्हणाली, "किती सुंदर दिसते आता."

मी जवळ गेले. कोपरा शिवलेला होता. काळ्या नायलॉनच्या दोऱ्याने, दाट टाके घालून, दुहेरी.

 रेहानने विचारलं, "हे कुणी शिवलं?"

"केंद्राचा नियम आहे," नमिता म्हणाली. "वस्तू उसवलेली असेल तर दुरुस्त करून पाठवायची, नाहीतर आत किडे जातात. तुमची इतकी जुनी आठवण, तिकडे फाटकी दिसायला नको असं मला वाटलं. आपल्या नसरुद्दीन टेलरकडे सोमवारीच शिवायला दिली. त्याने फार मेहनत घेतली हो. दोनदा शिवलं, दोन्ही वेळा सकाळी उसवलेलं. शेवटी त्याने मासेमारीचा दोरा आणला."

"तुला सांगितलं होतं," मी म्हटलं.

"खाला, तुमच्या भावना मला कळतात."

"भावनांचं सोड. तुला सांगितलं होतं की नव्हतं?"

तिने नजर काट्याकडे वळवली. काट्यावर सव्वीस दिसत होतं. आम्ही बघत असताना सत्तावीस झालं.

रेहान खाली बसला. इंजिनिअर आहे तो, आकड्यांवर त्याचा जीव. त्याने प्लास्टिक काढलं. हॉलभर वास पसरला. मंडळाच्या फ्लॅटला नेहमी उदबत्ती आणि जुन्या पुस्तकांचा वास असतो. हा भरतीच्या वेळी धक्क्याखाली येतो तो होता. रेहानने गोधडी उचलली, शून्य आलं. परत ठेवली. चौतीस.

"काटा ठीक आहे," तो म्हणाला.

"बुरशी असेल," नमिता म्हणाली. "ओल धरली असेल."

"सात किलो ओल? एवढ्यात?"

मी हात लावला. ऊब होती. पण नेहमीची नाही, ताप भरल्यासारखी. आणि माझ्या तळव्याखाली कापड वर आलं, खाली गेलं. पुन्हा वर आलं.

"कात्री दे," मी म्हटलं.

नमिता उठली. कपाटापर्यंत गेली, आणि तिथेच उभी राहिली.

"खाला, आता ती त्यांच्या यादीत चढली आहे. फोटो गेलेत, नंबर पडलाय. उघडायची तर त्यांना विचारावं लागेल. मी लगेच मेल करते."

"माझी गोधडी आहे, नमिता."

"तुमचीच आहे. पण तुम्ही सही केलीत ना. दोन मिनिटं द्या. तिकडे सकाळ झालीय, कुणीतरी उठलं असेल."

आणि ती खरोखर खुर्चीवर बसून मोबाइलवर टाइप करायला लागली. सविस्तर. माझ्या कानावर पडत होतं, कारण ती टाइप करताना पुटपुटते. डिअर कमिटी मेंबर्स.

पंचेचाळीस.

रेहान स्वयंपाकघरात धावला. खणांचे आवाज आले. मंडळाच्या स्वयंपाकघरात चमचे दोनशे, सुरी एक नाही.

एकावन्न.

शिवलेल्या कोपऱ्याचा एक टाका ताणला गेला. मग त्याच्या शेजारचा. कापड बाहेरच्या बाजूला फुगत होतं, चार ठिकाणी, एका ओळीत. मी दाताने दोरा तोडायला वाकले. मासेमारीचा दोरा, माझे दात सत्तरीचे. ओठ कापला, दोरा तुटला नाही.

अठ्ठावन्न.

तिथे आकडा थांबला.

रेहान दारात उभा होता, हातात केक कापायची प्लास्टिकची सुरी. त्याने आकडा वाचला आणि माझ्याकडे बघितलं. फजलच्या तपासणीचा तो कागद लहानपणी त्यानेच मला कितीतरी वेळा वाचून दाखवला आहे.

आतल्या खोलीत मुलं थांबली. त्यांच्या बाईंनी काही सांगितलं नव्हतं. थांबली.

मी कोपऱ्यावर हात ठेवला. त्या चार ठिकाणांवर माझी चार बोटं ठेवली. पलीकडून दाबलं जात होतं. मी म्हटलं, "हो रे. आलेच. उघडतेच." लहानपणी तो न्हाणीघरात अडकला होता तेव्हा म्हटलं होतं तसंच.

मग दाब कमी झाला.

पन्नास. एकोणचाळीस. चोवीस. आकडे इतके भराभर उतरले की मधले दिसलेच नाहीत.

तीन किलो दोनशे.

नमिताचा मोबाइल वाजला. ती उजळलेल्या चेहऱ्याने म्हणाली, "उत्तर आलं बघा. म्हणतायत, काही हरकत नाही, मालकांची इच्छा असेल तर उघडा." आणि कपाटातून कात्री काढून दोन्ही हातांनी माझ्यासमोर धरली.

मी टाके कापले. सगळे, एकेक करून. आत हात घातला, जाईल तिथवर. लुंग्या, सदरे, बनियन. कोरडं होतं सगळं. मीठ नव्हतं. ऊब नव्हती. पंचेचाळीस वर्षांत पहिल्यांदा ती गोधडी नुसतं कापड होती, आणि गार होती, एसीखालच्या लादीसारखी.

कोपऱ्याचं कापड मी उलटं करून धरलं. रेहानने बघितलं आणि तोंड फिरवलं. शिवणीच्या आतल्या बाजूला कापडाचे धागे ओरबाडून निघाले होते. चार चार रेघा, पुन्हा पुन्हा त्याच जागी. बाहेरच्या बाजूला एक धागा हललेला नव्हता. नायलॉनच्या एका गाठीत नखाचा तुकडा अडकला होता, अर्ध्या चंद्राच्या आकाराचा.

नमिताने तो बघितला. मग ती टेबलापाशी येऊन बसली.

"खाला," ती म्हणाली, "मला खरंच माहीत नव्हतं."

मी गोधडीची घडी घातली. टेबलावर तिची फाइल उघडी होती. केंद्राचा फॉर्म मी ओळखला. तो रिकामा रकानाही ओळखला, कारण त्या कागदावर तेवढंच पांढरं होतं. फॉर्म तिच्यासमोर ठेवला, तिचंच पेन तिच्या हातात दिलं. माझ्या ओठाचं रक्त कागदाला लागलं, ते मी पुसलं नाही.

"नमिता," मी म्हटलं, "तू शिकलेली आहेस. दार लावताना आत माणूस आहे का एवढं बघायचं असतं, ते तुला कुणी शिकवलं नाही. माझा भाऊ दर्यात मेला नाही. तू त्याला आत कोंडलंस, आणि तो दार ठोकत होता तेव्हा तू कॅनडाची परवानगी मागत बसलीस. आता तो रकाना भर. तारीख आजची घाल."