संचालकांचा अदृश्य माणूस

प्रयोगशाळेत शास्त्रज्ञ पालथे पडले होते. डोक्यामागे घाव. त्यांची लेक दाराबाहेर उभी होती. तिला आत सोडलं नव्हतं, कारण बापाच्या खुनाचा आळ तिच्यावरच होता.

"ही कॅमेऱ्यात दिसणारच नाही," संस्थेचे संचालक तपासाला आलेल्या पोलीस अधिकारी बाईंना म्हणाले. "माणसाला अदृश्य करणारा आमचा पडदा अंगापुढे धरून आली. पडदा हिच्याच कपाटात सापडलाय!"

"आत यायला दारं किती?"

"एकच. तेही सताड उघडं."

"कॅमेऱ्यात कोण दिसतं?"

"सकाळी हे आत गेले. मग मी. पाहतो तर मेलेले! ओरडतच बाहेर आलो."

बाईंनी चित्रण दोनदा पाहिलं. त्यात दारासमोरच्या भिंतीवर उभ्या लाकडी पट्ट्या. चित्रण संपेपर्यंत प्रत्येक पट्टी स्पष्ट दिसत होती.

मग त्यांनी पडदा मागवला. बारीक उभ्या रेघांचं प्लास्टिक. खुर्चीपुढे हातभर अंतरावर धरला. खुर्चीचे पाय गायब झाले, आडवी दांडी मात्र दिसत राहिली.

"दांडी दिसते की हो."

"किरकोळ! आमचं माहितीपत्रक वाचा."

"कोणी लिहिलंय?"

"मी."

"वाटलंच." बाई लेकीकडे वळल्या. "तू सांग."

"या रेघा प्रकाश फक्त डावी-उजवीकडे फाकवतात. उभं असेल ते पुसलं जातं. पडदा आडवा धरला तर उभा माणूस दिसतो. उद्या पडदा विकत घ्यायला येणाऱ्या पाहुण्यांना बाबा हेच सांगणार होते. साहेबांना ते नको होतं."

"साहेब," बाई म्हणाल्या, "पडद्याआडून कोणी गेलं असतं, तर माणसाबरोबर मागच्या पट्ट्याही पुसल्या गेल्या असत्या. एकही पुसली नाही. म्हणजे दुसरं कोणी आलंच नाही, गेलंही नाही. उरलात तुम्ही. त्यांचं तोंड बंद केलंत आणि पडदा हिच्या कपाटात कोंबलात. अहो, जादूगारालासुद्धा आपली जादू खोटी असल्याचं ठाऊक असतं. तुम्ही स्वतःच्याच जाहिरातीला भुललात!"

"पण प्रात्यक्षिकात मी स्वतः गायब झालो होतो! लोकांनी टाळ्या वाजवल्या!"

"कोऱ्या भिंतीपुढे," लेक म्हणाली. "बाबांनीच उभं केलं होतं तुम्हाला."

पोलीस शिपायाने संचालकांचा दंड धरला.

"हात काढ! मी संचालक आहे इथला!"

"दिसतंय," बाई म्हणाल्या.

बोळातला आरडाओरडा दूर गेला. लेकीने हळूच विचारलं, "आता जाऊ बाबांजवळ?"

"डॉक्टर येईपर्यंत बस. फक्त हलवू नकोस."

ती आत गेली. बाईंनी दाराकडे पाठ केली.